दादांच्या वहीतली एसटी: १:२४ मॉडेल शून्यापासून कसं बनवतात

नमस्कार मंडळी, स्वागत आहे. टेबलावर ही जी पांढरी लांबट पेटी दिसतेय ना, ती एसटी आहे. अजून रंग नाही, चाकं नाहीत, काचा नाहीत, पण खिडक्यांची रांग बघूनच ओळखणारे ओळखतील, जुनी ॲल्युमिनियम बॉडीची लाल गाडी, स्केल १:२४. आणि हिची मापं माझी नाहीत, ती आमच्या मॉडेल बनवणाऱ्यांच्या ग्रुपमधल्या दादांची आहेत. दादा मागच्या वर्षी गेले. त्यांची मापांची वही वहिनींनी माझ्या हातात दिली, म्हणाल्या कपाटात पडून राहण्यापेक्षा कुणीतरी वापरा. नाव घेत नाही, कारण घरच्यांना ते नको आहे, आमच्यासाठी ते दादाच होते आणि तेवढं पुरे.

तर बाजारात तयार मिळत नाही अशी गाडी घरी कशी बनवायची ते आज दाखवतो, आणि दाखवतो ते दादांच्या पद्धतीनेच.

ग्रुपमध्ये कुणी नवीन आलं आणि म्हणालं मी एसटी बनवतोय, की दादांचा पहिला प्रश्न असायचा, कुठली एसटी? समोरचा म्हणायचा लाल. मग ते विचारायचे, आगार कुठलं, पासिंग कुठलं, साल कुठलं, रूट कुठला. मुद्दाम अडवायला नाही बरं का, त्यांचं खरंच म्हणणं होतं की नुसती एसटी अशी गाडीच नसते. महामंडळाच्या बऱ्याचशा गाड्यांच्या बॉड्या स्वतःच्या कार्यशाळांमध्ये बांधलेल्या असतात, पुण्याला दापोडी, संभाजीनगरला चिकलठाणा आणि नागपूरला हिंगणा, म्हणून तर लाल गाड्यांवर एमएच १४, एमएच २० आणि एमएच ४० ही पासिंग इतकी दिसतात. आणि हे काम माणसं हाताने करतात, त्यात मग अपघातात पत्रा बदललेला, एखादा दिवा दुसऱ्याच प्रकारचा बसवलेला, आगाराच्या पेंटरने अक्षरं आपल्या वळणाने काढलेली, त्यामुळे रस्त्यावरची प्रत्येक गाडी वेगळी होत जाते. म्हणून दादा आधी एक गाडी निवडायचे, नंबरासकट, आणि मग तीच बनवायचे. माझं ठाम मत आहे की कस्टम मॉडेलमध्ये हीच पायरी सगळ्यात मोठी आहे, कटर हातात घ्यायच्या आधीची.

आता स्केल. १:२४ म्हणजे खऱ्या गाडीचे २४ मिलिमीटर म्हणजे आपला एक मिलिमीटर. हे स्केल आलं कुठून तर फूट-इंचाच्या हिशोबातून, एका फुटाला अर्धा इंच. मुलांच्या खेळण्यातल्या छोट्या डायकास्ट, म्हणजे ओतीव धातूच्या, गाड्या साधारण १:६४ च्या असतात, त्यात बस केली तर हातात मावते पण आतलं काही दाखवता येत नाही. १:२४ मध्ये अकरा मीटरची गाडी साधारण ४६ सेंटीमीटरची होते, जागा खाते, पण त्यात सीट, स्टिअरिंग, खिडकीचे गज, पाटी सगळं येतं. रुंदीचं बघा, आपल्याकडे जुन्या नियमाने बसला २.६ मीटरची मर्यादा, म्हणजे मॉडेल १०८ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. बऱ्याच जणांचं मॉडेल डब्यासारखं दिसतं त्याचं कारण इथंच असतं, रुंदी अंदाजाने घेतलेली असते आणि मग समोरचा चेहरा बिघडतो.

मापं कशी घ्यायची? आगारात जाऊन आगार व्यवस्थापकांना विचारून, उभ्या गाडीवर टेप लावून, हे उत्तम. पण ही ॲल्युमिनियमची पिढी आता बरीचशी भंगारात गेली, महामंडळ माइल्ड स्टीलच्या बॉडीवर आलं, त्यामुळे बऱ्याचदा हातात फक्त फोटो असतो. दादांची युक्ती अशी की फोटोत एक ओळखीचं माप शोधायचं. मोठ्या गाडीचा टायर उभा साधारण एक मीटरचा असतो. बाजूने काढलेल्या फोटोत टायर मोजा, समजा ३० मिलिमीटर भरला, तर त्या फोटोत ३० मिलिमीटर म्हणजे एक मीटर, आता खिडकी मोजा, दरवाजा मोजा, दोन चाकांमधलं अंतर मोजा, सगळं निघतं. फक्त फोटो बरोबर मधून आणि लांबून झूम करून काढलेला पाहिजे, जवळून काढला तर जवळचं चाक मोठं आणि लांबचं छोटं येतं आणि सगळा हिशोब फसतो. वहीत प्रत्येक पानावर हे असंच आहे, वर फोटो चिकटवलेला, खाली खरं माप, त्याच्या शेजारी लाल पेनाने २४ ने भागलेलं.

मटेरियल झटपट सांगतो. तळाला आणि छताला सनबोर्ड, म्हणजे हलका फोमचा बोर्ड, ३ मिलिमीटरचा. बाहेरच्या कातडीला पातळ पॉलिस्टायरीन शीट, म्हणजे प्लास्टिकचीच, अर्धा मिलिमीटर. स्टीलची पट्टी, चांगला कटर, भरपूर ब्लेड, कारण बोथट ब्लेडने खिडकीचे कोपरे फाटतात. फटी भरायला गाड्यांची पुट्टी, मग वॉटर पेपर ४०० पासून १००० पर्यंत. यातलं बरंचसं पुण्या-मुंबईतच काय, तालुक्याच्या स्टेशनरी आणि हार्डवेअरच्या दुकानात पण बऱ्यापैकी मिळतं.

आता कॅमेरा जरा जवळ घेतो, हे बघा. पत्र्याच्या जोडावर ही जी बारीक टिंबांची ओळ दिसतेय ते रिव्हेट आहेत, पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची डोकी. शिवणकामात कागदावर टिंबं पाडायचं ते छोटं दातेरी चाक असतं ना, ते शीटच्या मागच्या बाजूने पट्टी धरून फिरवायचं, पुढच्या बाजूला रिव्हेट उठतात. हलका हात, एकदाच, परत फिरवायचं नाही नाहीतर ओळ दुहेरी होते. हे दादांनी त्यांच्या आईच्या शिवणाच्या डब्यातून उचललं होतं, आणि आता आमच्या ग्रुपमधला प्रत्येक जण हेच वापरतो.

आणि ही चाकं. पुढच्या चाकाची रिम बघा, मधला भाग बाहेर फुगलेला आहे. मागच्याची बघा, आत गेलेली, खोल. रिम तीच असते, मागे दोन टायर जोडीने बसवायचे म्हणून बाहेरची रिम उलटी लावतात. खेळण्यातल्या ट्रकची चाकं काढून लावली की चारही बाजूंना एकसारखी दिसतात, आणि कितीही चांगला रंग द्या, ती गाडी खेळणंच वाटत राहते. दादा चाकं बघूनच सांगायचे की बनवणारा स्टँडवर किती उभा राहिलाय. आता थ्रीडी प्रिंटरवर रिम काढता येते, मी तशीच काढून घेतलीय, ४२ मिलिमीटरच्या टायरला बसेल अशी, पण डिझाइन वहीतल्या काटेकोर स्केचवरून.

रंगाचं नीट ऐका. लाल रंग झाकायला कमजोर असतो, खाली करडा प्रायमर असेल तर लाल मळकट दिसतो, म्हणून पांढरा प्रायमर. मग आधी पिवळा, तो वाळला की पट्ट्यापुरती मास्किंग टेप, आणि मग वरून लाल. उलटं केलंत तर पिवळ्याखालून लाल डोकावत राहील. दुसरं, डब्यातला लाल आहे तसा मारू नका, थेंबभर पांढरा टाकून किंचित फिका करा, छोट्या वस्तूवर तोच रंग गडद दिसतो. आणि भर पावसाळ्यात स्प्रे नको, हवेतल्या ओलीने लॅकरवर पांढुरकी साय धरते. मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा, यात हयगय नको.

काचांना पारदर्शक ओएचपी शीट, म्हणजे जुन्या प्रोजेक्टरवर लावायचं ते प्लास्टिक. पण ती चिकटवायला इन्स्टंट ग्लू अजिबात वापरू नका, त्याची वाफ काचेवर बसते आणि काच कायमची धुरकट होते. साधा पांढरा फेविकॉल काडीने लावा, वाळल्यावर दिसत पण नाही.

आता आतलं. दादांच्या गाड्यांमध्ये कंडक्टरच्या सीटवर तिकिटांचा पत्र्याचा ट्रे असायचा, मशीन यायच्या आधीचा, त्यात कागदी तिकिटांच्या रंगीत गड्ड्या, प्रत्येक गड्डी तांदळाच्या दाण्याहून लहान. छत बसलं की ते कुणालाही दिसत नाही. मी एकदा विचारलं होतं की मग कशाला, तर ते म्हणाले कंडक्टरला लागतो ना. मी पण केलाय, हा बघा, चिमट्यात धरलाय, उद्या बसवणार.

ही गाडी कोकणातली आहे, वहीत रूट लिहिलेला आहे, चिपळूण–स्वारगेट, कुंभार्ली घाटातून. म्हणजे खाली चाकांच्या मागे जांभ्याची तांबडी धूळ पाहिजे, देशावरची काळपट नाही. त्यासाठी खरी चिपळूणची माती आणून, उन्हात वाळवून, जुन्या साडीच्या कापडातून गाळून घेतलीय, ती कोरड्या ब्रशने लावायची आणि वरून मॅट वार्निशचा हलका हात. घाटातल्या गाडीच्या खिडक्यांखाली ओघळ असतात, का असतात ते सगळ्यांना माहितीय, तेही येणार. मागे सायलेन्सरच्या बाजूला काजळी. चकाचक एसटी बनवणारे खूप आहेत आणि त्यांचं काम सुंदर असतं, पण दादांना रोज धावणारी गाडी आवडायची, आणि मलाही तीच आवडते.

काही मित्र म्हणाले नंबर प्लेटवर दादांचं नाव टाक, किंवा त्यांची जन्मतारीख. मी नाही टाकणार. नंबर खऱ्या गाडीचाच राहील, कारण त्यांना दुसरं काही चाललंच नसतं. १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर पहिली एसटी धावली तेव्हा बॉडी लाकडाची होती, तीही त्यांना बनवायची होती, तिची पानं वहीत जवळजवळ कोरी आहेत, ते काम नंतर बघू.

आत्ता अडलंय ते दुसरीकडे. वहीत या गाडीची डावी बाजू आहे, समोरचा भाग आहे, आतलं सगळं आहे, पण मागची बाजू नाही, शिडीला किती पायऱ्या, टपावरचं कॅरियर कुठपर्यंत, मागच्या काचेची उंची, काहीच नाही. लोक फोटो काढतात ते समोरून. तेव्हा तुमच्याकडे, तुमच्या काकांकडे, मामांकडे ॲल्युमिनियम बॉडीच्या एसटीचा मागून काढलेला फोटो असेल, लग्नाच्या वऱ्हाडाचा असो नाहीतर सहलीचा, मागे गाडी उभी असेल तरी चालेल, टायर दिसत असेल तर फारच उत्तम, आगाराचं नाव आणि अंदाजे साल लिहून पाठवा. शिडी झाली की पुढच्या व्हिडिओत थेट रंगाला हात घालू.