उलटा बेदाणा

(सांगलीतील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

या वाटीत तासगावचे बेदाणे आहेत. सकाळी पाण्यात टाकले, आता टम्म फुगलेत. आत साखर, बाहेर साधं पाणी, मध्ये सालीचा पडदा. पाणी गोडीकडे ओढलं गेलं. याला परासरण म्हणतात. नोले नावाच्या फ्रेंच धर्मगुरूनं १७४८ साली डुकराच्या मूत्राशयाचा पडदा वापरून हेच पाहिलं होतं. आता बेदाणा असा दाबायचा, की पाणी बाहेर यावं आणि गोडी आतच राहावी. हे जमलं की झालं आरओ, म्हणजे रिव्हर्स ऑस्मोसिस, उलटं परासरण!

सेल्युलोज ॲसिटेटचा पडदा मीठ अडवतो, हे १९५०च्या दशकात फ्लोरिडात कळलं होतं. पण पाणी त्यातून थेंबथेंबच यायचं. कॅलिफोर्नियात लोब आणि आपले श्रीनिवास सौरिराजन या संशोधकांनी तोड काढली. सगळा पडदा दाट कशाला? दुधावरच्या सायीसारखा वरचा पापुद्रा तेवढा दाट, खाली सगळं सच्छिद्र. १९६५ मध्ये तिथल्याच कोलिंगा गावाला असं पाणी मिळू लागलं. तिथं एकेकाळी पिण्याचं पाणी रेल्वेनं यायचं. मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची गाडी आठवली ना?

आज घरोघरी आहे तो पॉलिअमाइडचा पडदा, संशोधक कॅडॉट यांनी १९७०च्या दशकात शोधलेला. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; दाट थर त्याच्याही दहाव्या-पाचव्या भागाएवढा. तो सुरळीच्या वडीसारखा गुंडाळून नळीत बसवतात. क्लोरीन त्याला सोसत नाही, म्हणून आधी कोळशाचं फिल्टर.

आता आमच्या दारातली गंमत. मशीन विकणारा आला, नळाच्या पाण्यात दोन सळ्या बुडवून वीज सोडली. पाणी तपकिरी! ‘बघा काका, काय पिताय!’ त्याच्या आरओच्या पाण्याला मात्र काही झालं नाही. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, आणि बायको माझ्याकडे संशयानं बघतेय. अहो, तो रंग सळीच्या लोखंडाचा. क्षार असले की वीज वाहते, सळी झिजते. आरओच्या पाण्यात क्षार अगदी नावापुरते, वीज वाहणार कशी? मी त्याच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा वीज सोडायला लावली. तेही तपकिरी झालं. चहा न घेताच गेला बिचारा.

पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, असं भारतीय मानक सांगतं. क्षार मोजायचा मीटर स्वस्त मिळतो, आधी मोजा. पुरानंतर नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा भीती जंतूंची असते; ते गाळून खळखळून उकळा. क्षारपड शिवारातली विहीर मचूळ असेल, तर मात्र आरओ हवाच.

पण घरगुती मशीन एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर टाकून देतं, आणि वगळलेले क्षार त्या टाकाऊ पाण्यात एकवटतात. माझ्या ओळखीच्या एका गावात ते पाणी ओढ्यात सोडतात. विहीर त्याच ओढ्याच्या काठावर आहे, पन्नास पावलं खाली.