योथामची झाडे आणि सातवीचा वर्ग

मित्रहो,

अमेरिकेत गेल्या चार दशकांत ख्रिस्ती अभिजात शिक्षण देणाऱ्या शाळांची एक चळवळच उभी राहिली आहे. लॅटिन, तर्कशास्त्र, वक्तृत्व, जुन्या ग्रंथांचे वाचन आणि या सगळ्याला आधार पवित्र शास्त्राचा. या चळवळीचा उगम बऱ्याच अंशी एका भाषणात आहे. रहस्यकथा लिहिणाऱ्या डोरोथी सेयर्स यांनी १९४७ साली ऑक्सफर्डला ते दिले होते. मध्ययुगीन युरोपातल्या व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन विद्या त्यांनी मुलांच्या वयाशी जोडल्या. आधी पाठांतराचे वय, मग उलट उत्तरे देण्याचे वय, मग स्वतःचे काही सांगावेसे वाटण्याचे वय. १९८१ मध्ये आयडाहो राज्यातल्या मॉस्को या गावी लोगोस स्कूल सुरू झाले, १९९१ मध्ये त्या शाळेच्या संस्थापकांपैकी एक, डग्लस विल्सन यांचे याच भाषणावर बेतलेले पुस्तक आले आणि सेयर्सबाईंची ही विभागणी अनेक शाळांच्या वेळापत्रकात जाऊन बसली.

मला बोलायचे आहे ते मधल्या मुलांबद्दल. सहावी, सातवी, आठवी. या विभागणीत त्यांच्या वाट्याला तर्क येतो. व्याकरण मागच्या इयत्तांत ‘झालेले’ असते आणि वक्तृत्व नववीपर्यंत थांबते. माझे म्हणणे असे आहे की याच वयात व्याकरण आणि वक्तृत्व एकाच तासाला, एकाच वहीत शिकवले पाहिजे. जुन्या शाळांत ते तसेच शिकवत होते.

रोममध्ये चौथ्या शतकात दोनातुस नावाचे व्याकरणाचे शिक्षक होते. पुढे बायबलचे लॅटिन भाषांतर करणारा जेरोम त्यांचाच विद्यार्थी. त्यांचे छोटे व्याकरण प्रश्नोत्तरांत आहे. शब्दांच्या जाती किती? आठ. कोणत्या? की मुलाने घडाघडा म्हणायचे. आपल्या शालेय मराठी व्याकरणातल्या आठ जातीसुद्धा इंग्रजी व्याकरणाच्या वाटेने याच घराण्यातून आल्या आहेत. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. पाठांतराला माझा मुळीच विरोध नाही. पण पाठ झालेल्या आठ जातींचे पुढे करायचे काय, हे मुलाला कळले नाही तर सातवीत तो त्यांचा तिटकारा करू लागतो.

पुढे काय करायचे याचे उत्तर ग्रीक शिक्षकांनी बसवून ठेवले होते. अँटिओकच्या अफ्थोनियसने चौथ्या शतकात चौदा सरावांची एक मालिका लिहिली. नीतिकथा, कथन, थोरांचे वचन, सुभाषित, खंडन, मंडन, मग स्तुती, निंदा, तुलना, दुसऱ्याच्या तोंडचे भाषण, वर्णन असे करत करत शेवटी एखाद्या कायद्याची बाजू मांडण्यापर्यंत. सोळाव्या शतकात या पुस्तकाच्या छापील लॅटिन आवृत्त्या युरोपभरच्या शाळांत होत्या. पूर्ण भाषण उभे करण्याआधी मुलांनी करायच्या या तालमी.

पहिलीच तालीम घेऊ. नीतिकथा म्हटली की इसाप आठवतो, पण ख्रिस्ती शाळेला बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाचा नववा अध्याय हाताशी आहे. अबीमलेखाने आपल्या सत्तर भावांचा घात करून शखेमात राज्य मिळवले. वाचलेला धाकटा योथाम गरिज्जीम डोंगरावर उभा राहतो आणि लोकांना ओरडून एक गोष्ट सांगतो. झाडे राजा शोधायला निघाली. जैतून म्हणाले, मी माझे तेल सोडून तुमच्यावर डोलायला येऊ काय? अंजिराने आपला गोडवा सोडला नाही, द्राक्षवेलीने आपला रस. शेवटी काटेरी झुडूप म्हणाले, खरोखर मला राजा करत असाल तर या, माझ्या सावलीत बसा. नाही तर या झुडपातून आग निघो आणि लबानोनाचे गंधसरू जाळून टाको.

आता वर्गात काय करायचे? आधी गोष्ट तोंडी सांगायची, मग चार वाक्यांत लिहायची, मग चार पाने भरतील इतकी फुलवायची. त्यानंतर झाडांचे बोलणे अप्रत्यक्ष कथनात आणायचे. ‘जैतुनाने तेल सोडायला नकार दिला.’ वाक्य शुद्ध आहे, अर्थही तोच आहे, पण जैतुनाचा ताठा गेला. तो कुठे होता? ‘येऊ काय’ या प्रश्नात. प्रश्नार्थक वाक्याचे विधानार्थी रूप करा, हा आपल्याकडचा नेहमीचा परीक्षेचा प्रश्न. इथे मुलाला त्याची किंमत कळते. मग झुडपाकडे यायचे. त्याचे बोलणे संकेतार्थी आहे, तर आणि नाही तर. निमंत्रण आणि धमकी एकाच वाक्यात बसलेली. आणि थोडा वेळ गप्प राहिलात तर वर्गातले कोणीतरी विचारतेच, की काटेरी झुडपाला सावली असते कुठे? तिथे योथामचे वक्तृत्व मुलांना सापडते, ते समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

तिसरी तालीम माझ्या विशेष आवडीची. थोराचे एक वचन घ्यायचे. अफ्थोनियसने आयसोक्रेटिस या जुन्या ग्रीक वक्तृत्वशिक्षकाचे घेतले आहे: शिक्षणाचे मूळ कडू, फळे गोड. त्यावर आठ मुद्द्यांनी लिहायचे: बोलणाऱ्याची स्तुती, वचनाचा अर्थ, कारण, उलट बाजू, दृष्टान्त, उदाहरण, जुन्यांची साक्ष, समारोप. पण थेऑन नावाचा आणखी एक शिक्षक मुलांकडून तेच वचन सगळ्या विभक्तींतून चालवून घ्यायला सांगतो. इंग्रजीने विभक्ती जवळजवळ टाकून दिल्या, म्हणून अमेरिकेतल्या शिक्षकांना यासाठी लॅटिनकडे जावे लागते, किंवा रीड आणि केलॉग यांच्या १८७७ च्या पुस्तकाने रूढ केलेल्या पद्धतीने फळ्यावर वाक्याचा नकाशा काढावा लागतो. मराठीत हे धन घरचेच आहे. आयसोक्रेटिसने सांगितले. आयसोक्रेटिसला असे वाटे. आयसोक्रेटिसचे मत असे होते. आयसोक्रेटिसकडून शिष्य हे शिकले. आयसोक्रेटिसा, तू असे म्हणालास! मुलांना विचारा, यातल्या कोणत्या वाक्यानंतर ‘पण’ म्हणणे सोपे जाते? ‘मत होते’ म्हटले की वादाला जागा होते, ‘सांगितले’ म्हटले की ती थोडी आक्रसते, आणि संबोधन आले की आयसोक्रेटिस समोर येऊन बसतो. बारा-तेरा वर्षांची मुले यावर तास संपला तरी भांडत राहतात.

हे सगळे करताना ख्रिस्ती शिक्षकाच्या मनात एक भीती असते आणि ती रास्त आहे. शब्दांचे कसब शिकलेला मुलगा उद्या त्याच कसबाने खोटे बोलेल. चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती धर्माचार्य ऑगस्टिन याला ही भीती आतून ठाऊक होती. कार्थेज, रोम आणि मिलान इथे त्याने वक्तृत्व शिकवले आणि ३८६ साली तो धंदा सोडला. तरीही म्हातारपणी ख्रिस्ती शिकवणीवर लिहिताना तो विचारतो, की वक्तृत्व खऱ्याच्याही कामी येते आणि खोट्याच्याही, तर मग खऱ्याचा कैवार घेणाऱ्यांनीच निःशस्त्र का उभे राहावे? ही विद्या योग्य वयात, लवकर शिकून घ्यावी, असेही तो म्हणतो, आणि नियमांपेक्षा चांगले वाचून-ऐकून ती अधिक येते असेही.

तो स्वतः पौलाचे वाक्य उलगडून दाखवतो. रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय: संकटाने धीर येतो, धीराने शील, शीलाने आशा, आणि आशा लाजवत नाही. प्रत्येक शब्द पुढच्याला हात देतो, याला ऑगस्टिन चढती मालिका म्हणतो. मराठीत ही साखळी कशाने जोडली आहे पाहा. ‘ने’. तृतीया. करणार्थी तृतीया म्हणजे काय हे सातवीच्या मुलाला मी याच वचनावर शिकवेन, आणि त्याच तासाला तिच्यावर बेतून स्वतःची चार कड्यांची साखळी करायला सांगेन.

खंडन आणि मंडन या दोन तालमींबद्दल मात्र माझे ठाम मत आहे. अफ्थोनियस अपोलो देव आणि त्याच्यापासून पळताना झाड झालेली डॅफ्नी यांची ग्रीक कथा आधी खोडून काढतो: अस्पष्ट, अविश्वसनीय, अशक्य, विसंगत, अनुचित, निरुपयोगी. आणि मग तीच कथा सावरून धरतो. दोन्ही बाजू एकाच मुलाने लिहायच्या. वर्गाचे दोन गट पाडून एकाला खंडन आणि दुसऱ्याला मंडन दिले की गट जिंकायला बसतात आणि सराव वाया जातो. पवित्र शास्त्रातले कथानक मी इथे घेणार नाही. मुलाला जे मनापासून खरे वाटते ते गुणांसाठी खोडायला लावू नये, आणि नुसते मंडनच लिहून घेतले तर दुसरी बाजू त्याच्या हातून कधी जाणारच नाही. त्यासाठी ग्रीक कथा आहेत, रोम वसवणाऱ्या रोम्युलसच्या दंतकथा आहेत. निंदेच्या तालमीतही जिवंत माणूस नको. लोभ घ्या, आळस घ्या.

स्तुतीसाठी मराठी वर्गाला दूर जायला नको. १५७९ साली गोव्यात आलेल्या इंग्रज जेझुइट (कॅथलिक संघाचा धर्मगुरू) थॉमस स्टीफन्सने तिथली कोकणी शिकून तिचे व्याकरण लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूरला छापले गेले. आणि त्याच माणसाने मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचले. ‘जैसी हरळांमाजी रत्नकिळा । कि रत्नांमाजी हिरा निळा । तैसी भासांमाजी चोखळा । भासा मराठी ॥’ तुलनेने केलेली स्तुती, आणि तिचा सांधा ‘जैसी–तैसी’ या जोडीवर. व्याकरणकार आणि कवी इथे एकच आहे.

आता तुमच्या हातात योथामच्या गोष्टीचा कागद आहे. चर्चेला बसण्याआधी प्रत्येकाने ती चार वाक्यांत लिहावी, झुडपाचे बोलणे अप्रत्यक्ष कथनात आणावे, आणि धमकी कोणत्या शब्दाबरोबर नाहीशी झाली त्याखाली रेघ मारावी. कागद शेजाऱ्याला द्या. वाचून दाखवायचा तो त्याने.