शिवलेली होडी

या होडीला एकही खिळा नाही. फळीला फळी भिडवायची, कडेने भोके पाडायची, सांध्यावर काथ्या दाबून बसवायचा आणि सुंभाने करकचून शिवायचे. हे हात बघा. एकाने आतून सुंभ ओढला की दुसरा बाहेरून लगेच ताण धरतो. पकड सुटली तर टाका ढिला. वरून माशाच्या तेलाचा हात. लाट आदळते तेव्हा ही शिवण जराशी लवते, म्हणून फळ्या उकलत नाहीत. रांपणीला, म्हणजे मोठे जाळे किनाऱ्यावर ओढून करायच्या मासेमारीला, हीच होडी लागायची. फुटत्या लाटांतून आत जायचे, अर्धवर्तुळात जाळे सोडत पुन्हा वाळूला लागायचे. मग दोन्ही टोकांचे दोर ओढायला अख्खी वस्ती. बांगडा, तारली. सुकवलेली मासळी घाट चढून खानापूर-बेळगावच्या बाजारापर्यंत जायची.

कारवारचे गाबीत आणि खारवी हे मच्छीमार समाज पिढ्यान्‌पिढ्या या दर्यावर जगले. काळी नदीच्या मुखाशी हा सदाशिवगड किल्ला. याच मुलखात १६३८ साली इंग्रजांची वखार आली, घाटावरून उतरणाऱ्या मिरीसाठी आणि हुबळीकडच्या मलमलीसाठी. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज ८५ गलबते आणि ३ मोठी जहाजे घेऊन मालवणहून दक्षिणेकडच्या बसरूर बंदरावर गेले. परतताना गोकर्णाला तीर्थस्नान केले आणि अंकोल्यावरून कारवारला आले. गलबते किती होती ते कागदोपत्री राहिले. सुकाणूवर कोण होते, शिडाचा दोर कोणी धरला, हे कोणी लिहून ठेवले नाही. गाबितांच्या घरांत आरमाराचा अभिमान आजही आहे, आणि तो रास्त आहे.

पौष पौर्णिमेला कारवारजवळच्या कूर्मगड बेटावर नरसिंहाची जत्रा भरते. तिथे जायला होडीशिवाय वाट नाही. पताका लावलेल्या या होड्या बघा, नारळ-केळी सांभाळत बसलेल्या आयाबाया बघा.

१९७०च्या दशकात माशांचा थवा घेरून खालून आवळायची पर्ससीन जाळी आली आणि रांपण मागे पडली. पुढे नौदलाच्या तळासाठी अरग्याकडचे किनारे गेले, गावे उठली.

आज कारवारच्या टागोर किनाऱ्यावर ‘चपळ’ ही युद्धनौका संग्रहालय म्हणून उभी आहे. लोक तिकीट काढून बघतात, मुलांना दाखवतात. तिच्याच शेजारी छपराखाली काथ्याने शिवलेली एक होडी ठेवावी, आणि ती शिवणाऱ्या कारागिरांची नावे तिथे मराठी, कोंकणी आणि कन्नडमध्ये लिहावीत.