गळाला लागणारा मासा आणि घरची टाकी

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय तो ‘आपल्या नद्यांमधले गळाचे मासे घरच्या टाकीत कसे पाळावेत’ असा. त्यावर येतोच. पण त्याआधी एक गोष्ट बोलल्याशिवाय मला राहवणार नाही.

घाटाखालच्या एका हॉटेलात गल्ल्याशेजारी चार फुटी टाकी होती आणि तिच्यात एकटा खडस. महाशीर म्हणतात त्या माशांतला एक. हातभर लांबीचा मासा चार फुटी काचेत वळणार कसा? मी बराच वेळ उभा राहून पाहिलं. तो अंग मुडपायचा, शेपटी मागच्या काचेला घासायची आणि तोंड पुढच्या. वरच्या ओठाची कातडी पार गेली होती. आतलं पांढरं मांस दिसत होतं. चार मिशांपैकी एक निम्मीच उरलेली. खवले मात्र अजून रुपयाएवढे लखलखीत, कडेला सोनेरी झाक. मालक पोळीचे तुकडे टाकत होते, पोरं फोटो काढत होती. मी म्हटलं, “मालक, हा धारेतला मासा आहे हो.” ते म्हणाले, “अहो, फिल्टर चांगला आहे, इम्पोर्टेड!”

हसू नका, ते मनापासून सांगत होते. प्रेम होतंच त्यांचं. पण खडसाला हवं थंड, धावतं, प्राणवायूने भरलेलं पाणी. पावसाळ्यात नदी फुगली की तो वर चढून खडकाळ पात्रात अंडी घालायला जातो. नदीत तो दहा किलोच्या पुढे जातो. याला टाकी कुठून पुरणार? शहरातल्या दुकानांत बोटभर पिल्लं विकतात आणि ‘किती वाढतो?’ विचारलं तर ‘टाकीएवढाच वाढतो’ म्हणून सांगतात. साफ खोटं आहे हे. टाकी वाढ खुंटवते, तब्येत बिघडवते आणि मासा लवकर मरतो.

खडस डोळे भरून पाहायचाय ना? मग महाडजवळ वाळण कोंडाला जा. काळ नदीच्या त्या डोहातले मासे देवीचे, त्यांना कुणी हात लावत नाही. वाडा तालुक्यात तिळशाला वैतरणेच्या पात्रातही तसंच आहे. पुणेकरांनी तर हेही लक्षात ठेवावं की साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली या माशाची शास्त्रीय नोंद केली ती आपल्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज मुळा-मुठेच्या पुलावर उभं राहून खाली बघा, म्हणजे मला काय वाटतं ते कळेल.

आता लोणावळ्याचं सांगतो, कारण मुद्दा तिथे आहे. वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून खडसाची पैदास होते. काम मोठं आहे, शंका नाही. पण तिथली पिल्लं दूरच्या नद्यांतही सोडली गेली. कावेरीत खडस असा फोफावला की तिथला मूळचा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर मागे पडला. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून मासेमारी, हीही कारणं आहेतच. २०१८ साली तो महाशीर अतिसंकटग्रस्त ठरला. आपलाच मासा, चांगल्या हेतूने सोडलेला, पण दुसऱ्या नदीत गेला की तो परकाच.

चिठ्ठी आलीय, थोडीच मिनिटं उरलीत. मग भराभर सांगतो.

खडस नको, शिवडा नको, मोठा मरळही नको. शिवडा आणि मरळ दोघेही मीटरभर वाढतात. घरी पाळायचा तो ढोक. मरळाचाच धाकटा भाऊ, ओढ्यात पोरांच्या गांडुळाला लागतो तो. वीतभर वाढतो. परांना निळसर छटा आणि नारिंगी कड. तीन फुटी टाकीत एक जोडी मजेत राहते. दगड, मडक्याचे तुकडे, तरंगती पानं टाका. हीटर नको.

झाकण मात्र घट्ट. ढोक उडी मारतो आणि बोटभर फटीतून निसटतो. पण पाणी काठोकाठ भरू नका, कारण तो वर येऊन हवा घेतो. झाकण आणि पाणी यांत तीन-चार बोटं जागा हवीच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढून घ्या. मासा आणण्याआधी महिना-दीड महिना फिल्टर चालू ठेवा आणि पाण्यात रोज चिमूटभर खाणं टाका, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू तयार होतात. खाणं गांडूळ, कोळंबीचे तुकडे. छोटे मासे सोबत ठेवू नका, तो खाऊन टाकेल.

आणि नराचे गाल फुगलेले दिसले, तो खायचा थांबला, तर औषध ओतू नका! त्याच्या तोंडात अंडी आहेत. पिल्लं बाहेर येईपर्यंत तो ती तशीच सांभाळतो. तेवढे दिवस टाकीला हात लावू नका.

शेवटचं. बदली झाली, घर बदललं, कंटाळा आला, तरी टाकीतला मासा ओढ्यात, तळ्यात, विहिरीत कुठेही सोडायचा नाही. तो इथलाच असला तरी नाही. टाकीतले रोग त्याच्याबरोबर जातात. उजनी धरणात सकर मासा, टाकीत पाळतात तो परदेशी, कुठून आला असेल, विचार करा. कुणाला जड झालाच तर मला फोन करा. माझ्याकडे टाक्या आहेत, मी येऊन घेऊन जाईन.