कोकोश्काने मागवलेली बाहुली

श्रोतेहो, नमस्कार. आज ज्यांना सेक्स डॉल म्हणतात, त्या बाहुल्यांचा इतिहास संकोच न बाळगता सांगितला पाहिजे, कारण तो माणसाच्या एकटेपणाचा आणि हट्टाचा इतिहास आहे. सुमारे २००० वर्षांपूर्वी रोमन कवी ओव्हिडने सांगितलेल्या कथेतला पिग्मॅलियन स्वतः घडवलेल्या हस्तिदंती मूर्तीच्या प्रेमात पडतो. लांबच्या सफरीवर जाणारे युरोपीय खलाशी कापडी बाहुल्या सोबत नेत, असेही सांगतात.

मात्र कोल्हापूरसारख्या चित्रकारांच्या नगरीने ऐकावी अशी हकीकत ऑस्ट्रियन चित्रकार ऑस्कर कोकोश्काची आहे. संगीतकार गुस्ताव माहलर यांच्या पत्नी आल्मा यांच्यावर, त्यांना वैधव्य आल्यानंतर, त्याचे उत्कट प्रेम जडले. १९१५ मध्ये तो युद्धात गंभीर जखमी झाला आणि त्याच वर्षी आल्मा यांनी वास्तुविशारद वॉल्टर ग्रोपियस यांच्याशी विवाह केला. १९१८ मध्ये कोकोश्काने म्युनिकच्या बाहुल्या घडवणाऱ्या कारागीर हर्मिने मूस यांच्याकडे आल्माची पूर्णाकृती बाहुली करायला दिली आणि त्वचेचा स्पर्श कसा असावा इथपर्यंतच्या सूचना पत्रांतून कळवल्या. लक्षात घ्या, त्याला आल्माच हवी होती. पुढच्या वर्षी बाहुली ड्रेस्डेनला आली तेव्हा ‘हे तर ध्रुवीय अस्वलाचे कातडे’ अशा अर्थाची तक्रार त्याने केली. तरीही तिला समोर ठेवून त्याने १९१९ चे ‘निळ्या वेशातील स्त्री’ हे चित्र रंगवले. अखेर एका मेजवानीच्या रात्री बाहुलीचे मुंडके तोडले गेले, तिच्यावर रेड वाइन ओतली गेली, आणि ते धड दिसल्यामुळे सकाळी पोलीस खुनाच्या संशयाने दारात आले, असे त्यानेच पुढे सांगितले. होय, त्याला आल्माच हवी होती. ती कोणत्या कारागिराने घडवून द्यायची?

म्हणूनच हर्मिने मूस यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. आपल्या कोल्हापुरातल्या गंगावेशीत गणपती घडवणाऱ्या हातांचीही नावे आपण नोंदवत नाही, आणि ती नोंदवली पाहिजेत.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९५५ मध्ये जर्मनीत वर्तमानपत्री व्यंगचित्रावरून लिली ही बाहुली निघाली, ती मुख्यतः प्रौढ ग्राहकांसाठी. तिच्यावरूनच १९५९ ची, आपल्या घराघरांतल्या मुलींची बार्बी आली. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात मॅट मॅकमुलन यांनी पूर्णाकृती सिलिकॉन बाहुल्या विकायला सुरुवात केली, आणि त्यांचे ग्राहकही चेहरा, केस, डोळ्यांचा रंग आधी कळवूनच बाहुली मागवतात.