अवधाण समजून सोडून देऊ नका

शिश्नाच्या कर्करोगाचा विषय निघाला की बोलणं जखमेपाशीच थांबतं. आज मी जास्त वेळ जांघेला देणार आहे, कारण रोगी वाचतो की नाही हे बहुतेक वेळा जांघेतल्या लसिका ग्रंथींवर, म्हणजे लसिका हा पातळ द्रव गाळणाऱ्या छोट्या गाठींवर, ठरतं.

आधी मूळ गाठीबद्दल थोडं. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार वर्षाला सुमारे ३६,००० नवे रुग्ण, त्यातले १०,००० हून अधिक भारतातले. रोग सुरू होतो तो शिश्नमुंडावर (टोकावर) किंवा त्यावरच्या कातडीच्या, म्हणजे अग्रत्वचेच्या, आतल्या बाजूला. कातडी मागे सरकत नसेल तर आतली जखम दिसतच नाही. दिसतो तो पू, येतो तो वास. लाजेपायी घरातसुद्धा कुणाला सांगितलं जात नाही आणि मलमांवर महिने जातात. चार आठवड्यांत न भरलेल्या जखमेचा तुकडा तपासायला पाठवा, आणि तो खोलवरचा घ्या. वरवरच्या खरवडीतून रोग किती आत गेलाय ते कळत नाही.

पूर्वी गाठीभोवतीचा २ सेंटीमीटर निरोगी भाग कापायचे. आता काही मिलिमीटर पुरतात हे सिद्ध झालंय, त्यामुळे निवडक रुग्णांत शिश्न वाचवता येतं. ४ सेंटीमीटरपेक्षा लहान गाठीला आधी अग्रत्वचा काढून ब्रॅकीथेरपीही (गाठीतच किरणोत्सर्गी स्रोत ठेवून दिलेले किरण) देता येते. शिश्नावर रोग उलटला, तरी वेळीच कळल्यास पुन्हा शस्त्रक्रिया करून बहुतेकदा निभावतं. जांघेत उलटला तर अशी दुसरी संधी फार थोड्यांना मिळते.

पायात काटा मोडला तरी जांघेत अवधाण येतं, हे आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यामुळे गाठ लागली की ‘जंतुसंसर्ग असेल’ म्हणून सहा आठवडे अँटिबायोटिक देऊन थांबण्याची रीत पडली. ती सोडायला हवी. सोनोग्राफीत बघत त्याच आठवड्यात सुई घालून पेशी तपासता येतात. आणि गळू समजून अशा गाठीला चिरा तर कधीच देऊ नका. आत कर्करोग असेल तर तो कातडीत पसरतो आणि जखम भरत नाही.

खरा पेच हाताला काहीच लागत नाही तेव्हा असतो. अशा रुग्णांपैकी २० ते २५ टक्क्यांच्या जांघेत रोग सूक्ष्म रूपात पोचलेला असतो, आणि सीटी स्कॅनला तो दिसत नाही. सरसकट सगळ्यांच्या ग्रंथी काढल्या तर बाकीच्यांना कारण नसताना पायाची कायमची सूज सोसावी लागेल. वाट पाहिली तर काय होतं, ते २००५ मधल्या एका डच अभ्यासात दिसलं: लपलेला रोग लवकर काढलेल्यांपैकी ८४ टक्के तीन वर्षं जगले, गाठ लागेपर्यंत थांबलेल्यांपैकी ३५ टक्के.

यावर उत्तर म्हणजे पहिली पहारेकरी ग्रंथी, म्हणजे रोग सगळ्यात आधी जिथे पोचतो ती, शोधणं. कल्पना १९७७ साली पॅराग्वेच्या रामोन काबान्यास यांनी मांडली, पण त्यांनी ग्रंथीची जागा ठरावीक धरली होती. ती माणसागणिक बदलते. १९९४ पासून ॲमस्टरडॅममध्ये प्रत्येक रुग्णात ती मागोवा घेऊन शोधू लागले. शिश्नावरच्या मूळ गाठीभोवती कातडीत टेक्निशियम हा किरणोत्सर्गी पदार्थ टोचतात, कॅमेऱ्याने दोन्ही जांघांची चित्रं घेतात, जागेवर खूण करतात. शस्त्रक्रियेच्या वेळी निळा रंग टोचतात आणि प्रोबने (हातात धरायच्या मापकाने) किरणोत्सर्ग मोजत तेवढीच ग्रंथी काढतात. पॅथॉलॉजिस्टने तिचे एकापाठोपाठ एक पातळ काप तपासले पाहिजेत. मधला एकच काप पाहिला तर सूक्ष्म रोग निसटतो.

सुरुवातीला जवळजवळ पाचातला एक रोग हुकत होता. कारण असं, की ग्रंथी कर्करोगाने गच्च भरली की लसिकेची वाट बंद होते, टेक्निशियम दुसऱ्याच ग्रंथीकडे वळतं आणि निरोगी ग्रंथी हाती येते. म्हणून आता आधी सोनोग्राफी करतात आणि उघडलेली जखम बोटाने चाचपतात. चुकीचं प्रमाण ५ ते ७ टक्क्यांवर आलंय.

ग्रंथीत रोग सापडला की त्या बाजूच्या सगळ्या ग्रंथी काढायच्या. कातडीचा पापुद्रा फार पातळ उचलला तर कडा काळ्या पडून मरतात, म्हणून खालची चरबी कातडीला चिकटलेलीच राहू द्यावी. लसिकावाहिन्या जाळून भागत नाही, बांधाव्या किंवा क्लिप कराव्या लागतात. नाहीतर पाणी साचतं. शक्य तिथे पायातून वर येणारी सॅफिनस शीर वाचवली तर सूज कमी राहते. दोन किंवा अधिक ग्रंथींत रोग असेल, किंवा तो ग्रंथीचं कवच फोडून बाहेर आला असेल, तर त्याच बाजूच्या ओटीपोटातल्या ग्रंथीही काढतात.

गाठी मोठ्या आणि हलत नसतील तर आधी औषधं (केमोथेरपी). पॅक्लिटॅक्सेल, आयफॉस्फामाइड आणि सिस्प्लॅटिन यांचे दर तीन ते चार आठवड्यांनी चार फेरे ३० रुग्णांना दिले, त्यांतल्या निम्म्यांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. हा अभ्यास २०१० चा. शस्त्रक्रिया आधी की औषधं आधी, हे इनपॅक्ट नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी २०१७ पासून तपासते आहे.

उपचारानंतर पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी जांघ तपासा. रुग्णालाही शिकवा: आडवं पडून, पाय किंचित वाकवून, मांडीच्या घडीखाली चार बोटं हलक्या हाताने फिरवायची, दोन्ही बाजूंना. वाटाण्याएवढं नवं काही लागलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात यायचं.