बंद फाईलमधला आकडा

एका दूध संस्थेच्या संगणकावर एप्रिल ते मार्च अशी बारा महिन्यांच्या संकलनाची एक्सेलची बारा वर्कबुके, म्हणजे बारा फाईली आहेत, आणि तेरावे वर्कबुक वार्षिक गोषवाऱ्याचे. गोषवाऱ्यात आकडे हाताने उतरवले, तर मूळ फाईलमध्ये मागाहून झालेली दुरुस्ती तिथे पोहोचत नाही. म्हणून तिथे आकड्याऐवजी त्याचा पत्ता लिहायचा असतो.

एक्सेलच्या फॉर्म्युला बारमध्ये हा पत्ता नीट पाहू. आधी बरोबरचे चिन्ह, मग एकेरी अवतरणात चौकटी कंसातले फाईलचे नाव आणि कंसाबाहेर शीटचे नाव. त्यापुढे उद्गारचिन्ह आणि शेवटी सेल. मूळ फाईल बंद केली की तिच्या नावाआधी फोल्डरचा पूर्ण मार्ग एक्सेल आपणहून जोडते. फाईल बंद असली तरी आकडा दिसत राहतो, कारण शेवटची वाचलेली किंमत गोषवाऱ्याच्या फाईलमध्येच साठवलेली असते.

खरी अडचण पुढे येते. एका सेलमध्ये ‘मे’ लिहिले की मेचे आकडे यावेत, ‘जून’ लिहिले की जूनचे यावेत, अशी संस्थेच्या सचिवांची रास्त अपेक्षा असते. त्यासाठी बहुतेक जण इनडायरेक्ट फंक्शनकडे वळतात; तुकडे जोडून तयार केलेल्या मजकुराला ते पत्ता मानते. पण त्या महिन्याची फाईल उघडी नसेल, तर आकड्याच्या जागी ‘रेफ’ (#REF!), म्हणजे पत्ता सापडत नसल्याची त्रुटी उमटते. शिवाय शीटमध्ये कुठेही बदल झाला की हे फंक्शन पुन्हा गणित करते आणि मोठे वर्कबुक त्यामुळे मंदावते. वर्षअखेरीस, लेखापरीक्षक समोर बसलेले असताना, असा गोषवारा भरवशाचा नाही.

त्यापेक्षा गोषवाऱ्याच्या वर्कबुकातच एक वेगळी शीट घेऊन तिथे बाराही महिन्यांचे थेट दुवे एकदाच लिहून ठेवावेत, आणि निवडलेल्या महिन्याची ओळ इंडेक्स व मॅच या फंक्शनांच्या जोडीने शोधावी; मॅच ओळीचा क्रमांक शोधते आणि इंडेक्स त्या ओळीतला आकडा देते. सुरुवातीला मेहनत जास्त पडते, पण मूळ फाईल बंद असली तरी हा फॉर्म्युला चालतो. संकलनाची बेरीज थेट बंद फाईलमधूनच हवी असेल, तर अटीनुसार बेरीज करणारे समइफ टाळून, रकाने गुणून त्यांची बेरीज करणारे समप्रॉडक्ट वापरावे, कारण समइफलाही फाईल उघडी लागते.

गूगल शीट्समधले इम्पोर्टरेंज, म्हणजे दुसऱ्या फाईलमधले आकडे आणणारे फंक्शन, पत्ता म्हणून मुळातच मजकूर स्वीकारते. फाईलचा वेबपत्ता एखाद्या सेलमध्ये ठेवून महिन्यागणिक बदलता येतो आणि मूळ फाईल उघडावी लागत नाही. तिथेही नवी फाईल जोडताना आधी ‘रेफ’च दिसते, मात्र त्या सेलवर जाऊन एकदा परवानगी दिली की आकडे येतात.